बाहेर गेलेली करडी

आमच्या खामगावच्या घरी ओसरीवर चार माणसं चहाला जमली की एक वाद हटकून निघतो. मागच्या महायुद्धात हिंदुस्थानानं इंग्रजांच्या बाजूनं पडायला हवं होतं की नाही? आमचे हे नगरपालिकेत हेडक्लार्क. त्यांचे मित्र म्हणजे एक वकील, एक हायस्कुलातले मास्तर आणि एक कापसाच्या जिनाचा मॅनेजर. एक म्हणतो, हिटलरला अडवणं भाग होतं. दुसरा म्हणतो, अडवायचं होतं तर आपल्या मर्जीनं अडवलं असतं, गुलामाला कसली आली बाजू. चहावर साय धरते तरी यांची लढाई संपत नाही. मी आत भांडी आपटते. मला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी काय बोलून जाईन याचा मलाच भरवसा नाही.

म्हणून आज सांगून टाकते. गोष्ट माझ्या बाबांची आहे. इतकी वर्षं शहरात राहून माझी बोली सुधारली असं हे म्हणतात, पण भांडायला लागले की तोंडात वऱ्हाडीच येते, तेवढं सांभाळून घ्या.

आमचं माहेर धामणखेड, पिंपळगाव राजापासून दोन कोस. बाबांचं नाव महादेवराव. बत्तीस एकर काळी जमीन, दोन बैलजोड्या, आणि डोक्यात रात्रंदिवस संशय. असा संशयी माणूस त्या टापूत दुसरा नव्हता. बाजारातून कापड आणलं की घरी येऊन स्वतःच्या हातानं पुन्हा मोजणार. पाहुणा मुक्कामाला आला की तो किती दिवस राहणार हे त्याच्या पिशवीच्या फुगवट्यावरून ओळखणार. मला बघायला आमचे हे आले, तेव्हा बाबांनी यांच्या हातात अख्खा ऊस दिला आणि म्हणाले, "सोला बरं दातानं." जावयाचे दात खरे आहेत की बसवलेले, ते बघायचं होतं. हे अजून त्या उसावरून मला बोलतात.

संशयाला कारण नव्हतं असं नाही. बाबांचे धाकटे भाऊ अर्जुनकाका चौदा सालच्या लढाईत खच्चरवाले म्हणून बसऱ्याला गेले होते. जाताना साहेबानं जमीन कबूल केली होती. परत आले ते छातीत खोकला आणि हातात एक बिल्ला घेऊन. दोन वर्षांत काका गेले, बिल्ला राहिला. बाबांनी तो फेकला नाही. दर पोळ्याला तो बिल्ला बैलाच्या गळ्यात बांधायचे आणि बैल मारुतीपुढून मिरवायचे. रामराव पाटलांनी एकदा टोकलं, "महादेवराव, सरकारचा अपमान होऊन राह्यला." बाबा म्हणाले, "अपमान कायचा? ह्या बैलानंबी इमानानं ओढलं, त्यालेबी काही भेटलं नाही." पाटील ते कधी विसरले नाहीत.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि उत्तम, माझा भाऊ, चार वर्षांचा. त्याची वेणीफणी सोडली तर आईची सगळी कामं मी त्याच्यासाठी केली. डावखुरा होता. डाव्या हातानं जेवतो म्हणून बाबा त्याच्या हातावर मारायचे, आणि ते शेताला गेले की मी त्याला सांगायचे, जेव बाप्पा जसं जमते तसं. मोठा झाल्यावर त्याचा जीव शेतात रमला नाही. हंगामात खामगावला जिनाच्या इंजिनाला तेल घालायला लागला आणि माझ्याच घरी राहू लागला. अंगाला सदा तेलाचा वास. मोटारीचा आवाज आला की ताटावरून उठून रस्त्यावर जायचा.

आता घटाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे आखजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, संध्याकाळी शेतात घट मांडतात. मोठी मांडणी तिकडे भेंडवळला होते, आमची गावापुरती, पण चार पिढ्यांची. मधोमध पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांच्यावर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर विड्याचं पान आणि सुपारी. तो राजा. भोवती गोलात धान्याच्या लहान लहान ढिगल्या, गहू, ज्वारी, तूर, सरकी, सगळं. त्यातच करडी, म्हणजे करडई, ही फौज, आणि तिच्या पलीकडे मसूर म्हणजे परका दुश्मन. मांडून झालं की सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि उजाडेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. सकाळी दाणे कुठे हलले ते बघून घरचा कर्ता पुरुष वर्षाचं भाकीत सांगतो. आमच्या घरी ते काम बाबांचं. बायकांनी बांधावर उभं राहून ऐकायचं, जवळ जायचं नाही.

बाबांनी त्यात स्वतःची एक भर घातली होती. घट मांडला की भोवती दोन हात रुंद चाळलेल्या राखेचा पट्टा. कोणी आत पाय टाकला तर उमटला पाहिजे. आजोबांनी असलं काही केलं नव्हतं. पण बाबांचा देवावर जेवढा विश्वास तेवढाच गावावर अविश्वास. ती राख चाळायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. आखजीला लेकी माहेरी येतातच, त्यामुळे लग्नानंतरही ते माझ्याकडेच राहिलं. बाबा म्हणायचे, "अंबूच्या हातची राख पिठावानी पडते."

आता चाळीस सालची आखजी. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी लढाई सुरू झाली होती आणि पारावर रोज तोच विषय. शाळेतले लक्ष्मीकांत गुरुजी मेहकरकडचे ब्राह्मण, वर्तमानपत्र मागवणारे गावातले एकटेच. ते मोठ्यानं वाचायचे आणि बाकीचे भांडायचे. मी आणि उत्तम आखजीसाठी चार दिवस आधी आलो होतो. आमचं दार पारासमोरच, त्यामुळे शेवया वळता वळता मला सगळं ऐकू येई.

गुरुजी म्हणत होते, "देश लढाईत उतरला असं म्हणू नका. देशाला उतरवलं आहे. दिल्लीच्या एका माणसानं, व्हाइसरॉयनं, जाहीर केलं आणि आपण लढाईत. नागपूरच्या काँग्रेसच्या मंत्र्यांनासुद्धा विचारलं नाही, म्हणून तर ते राजीनामा देऊन बाहेर पडले."

"तो हिटलर उद्या मुंबईले उतरला म्हंजे त्याले काय राजीनामा दाखवान?" रामराव पाटील म्हणाले. पाटलांकडे भरतीचा जमादार येऊन राहिला होता, आणि आसपासच्या गावांतून जितकी पोरं भरती होतील तितकी कलेक्टरसाहेबासमोर पाटलांची खुर्ची पुढे सरकणार होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"हिटलर वाईट आहे यात शंकाच नाही," गुरुजी म्हणाले. "पण आपल्या पायात ज्यानं बेडी घातली तोच म्हणतो, चल माझ्या बाजूनं लढ. बेडी तशीच ठेवून. जावं का?"

"बेडी मंग सोडतीन. साहेबानं सांगतलं हाय."

तेव्हा बाबांनी तोंड उघडलं. ते म्हणाले, "कोन्या साहेबानं? नाव सांगा. कागद दाखवा. अर्जुनलेबी एका साहेबानंच सांगतलं होतं." मग गुरुजींकडे वळून म्हणाले, "अन् गुरुजी, तुमचे मंत्रीबी मले उमजत नाहीत. राजीनामा देल्ला, बरं केलं. पन पोट्टे त भरती होऊनच राह्यले ना? मंग त्या राजीनाम्यानं अडलं कोन?" बाबांचा संशय असा दोन्हीकडून सारखा कापायचा. त्यामुळे त्यांना कोणीच आपला म्हणत नसे.

कोणीतरी म्हणालं, "महादेवराव, परवा घटालेच इचारा. ह्या लढाईत आपन पडाव का नाही."

"घट असं सांगत नाही," बाबा म्हणाले. "पानी किती, पीक किती, राजा बसला का हालला, फौजेचं काय होईन, येवढं सांगते. जावं का नाही, हे ज्याचं त्यानं ठरवाव."

"मंग माहं मी ठरवलं," मागून उत्तम म्हणाला. "मी फौजेच्या मोटारकंपनीत भरती होऊन राह्यलो. जमादारानं नाव लिहून घेतलं हाय."

माझ्या हातातली शेवई तुटली.  बाबा उत्तमकडे असे बघत होते, जणू या पोराच्या आत दुसरं कोणी बसलं आहे की काय. मग म्हणाले, "कोनं भरवलं तुले?" उत्तम म्हणाला, "कोनीच नाही. मले मोटार चालवाची हाय. तुमी देसान का मोटार?" त्याला राजाशीही घेणंदेणं नव्हतं आणि काँग्रेसशीही. बाबांना मात्र ते खरंच वाटेना. त्यांनी पाटलांकडे पाहिलं, जमादाराकडे पाहिलं, अगदी गुरुजींकडेही पाहिलं.

दोन दिवस बाप-लेकाचं बोलणं बंद. मी उत्तमला समजावलं, रडले, शिव्या घातल्या. शेवटी त्यानंच तोड काढली. म्हणाला, "मी घटाच्या घरचा हावो. करडी बिघडली त नाव काढून घेतो. चांगली निघाली त मले कोनी अडवाचं नाही. तूबी नाही, अंबूताई." बाबांनी मान डोलावली. घटापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

आखजीच्या सकाळी आम्ही ओसरीत पितरांच्या घागरी मांडल्या, आजोबांची, अर्जुनकाकांची, आईची. आंब्याचा रस, शेवया, सांडोऱ्या, सगळं झालं.  त्या तीन घागरींकडे बघत मी एकच हिशेब करत होते, की चौथी कधी मांडायला लागू नये.

संध्याकाळी घट मांडला. बाबांनी दोनदा पाहिलं, ढेकळं पाहिली, पान पाहिलं. पाटील आणि जमादार बांधावर उभे होते म्हणून त्या दिवशी राख जास्त जाड घालायला सांगितली. मी मागे मागे सरकत पट्टा चाळला. सगळे गावाकडे निघाले. वाटेतल्या चिंचेपर्यंत आलो आणि मी म्हणाले, "बाबा, चाळणी तिथंच राह्यली."

राहिली नव्हती. ठेवून आले होते.

बाबा थांबले. एकेकाकडे पाहिलं. पाटील पुढे चालत होते, जमादार पुढे, गुरुजी पुढे. मागे कोणीच नव्हतं. बाबा मला म्हणाले, "जाय, घेऊन ये. अन् कोनी दिसलं त मले सांग."

बस, इतकंच. ज्या माणसानं जावयाचे दात तपासले, त्यानं मला एकटीला घटाकडे धाडलं.

उजेड अजून होता. मी साडी खोचली, राखेतून आत गेले. मला काय ठाऊक होतं? बांधावरून जेवढं ऐकू यायचं तेवढं. गहू बाहेर गेला की बाबा म्हणायचे गहू कमी. तूर आत आली की म्हणायचे तूर मायंदळ. बाहेर म्हणजे तोटा, आत म्हणजे नफा. मी करडीच्या ढिगलीतले आठ-दहा दाणे चिमटीत उचलले आणि वीतभर बाहेर सारले. फौजेचा तोटा. झालं काम. मग मागे सरकत, माझीच पावलं मिटवत, चाळणीत मुद्दाम उरवलेली राख पुन्हा घातली. पिठावानी पडली. हात धुवायला पाणी नव्हतं, साडीच्या आतल्या बाजूला पुसले. चाळणी घेऊन चिंचेखाली आले तर बाबा तिथंच उभे होते. "कोनी?" म्हणाले. मी म्हणाले, "कोनी नाही."

सकाळी सारा गाव लोटला होता. बाबा आधी राखेभोवती गुडघ्यावर रांगत फिरले. तीन फेऱ्या. मग उभे राहून म्हणाले, "राख मोडली नाही. सगळ्यायनं पाहून घ्या." पाटलांनी पाहिलं, गुरुजींनीही पाहिलं. मग बाबा आत गेले. पाऊस सांगितला, ज्वारी सांगितली, सरकी सांगितली. पान जागेवर होतं, म्हणजे राजा बसलेला. मग करडीपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मी बांधावर पदर दाताखाली धरून उभी होते. म्हटलं, आता म्हणतील तोटा.

बाबा सावकाश सरळ झाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज नेहमीचा काढला. "करडी बाहेर गेली. मसुरावर चालून गेली. फौज फत्ते. गेलेला परत येते."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी सगळं सोडून ओरडले, "बाबा, बाहेर गेली म्हंजे तोटा ना?" बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बाबा म्हणाले, "पीक बाहेर गेलं त तोटा, पोरी. फौजेची जागा बाहेरच असते. फौज पानाकडं आत आली असती त समजाव का राजा पडला, फौज खपली."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बायकांना सांगत नाहीत. दुसऱ्या बाजूला सारले असते तर भाऊ घरी राहिला असता. एका वितीचा प्रश्न.

तेव्हाच का नाही बोललीस, असं तुम्ही मनात म्हणत असाल. मीही रोज म्हणते. पन्नास माणसं, पाटील, तो मिशीवाला जमादार, आणि चार पिढ्यांच्या घटाला लेकीनं हात लावला हे बाबांनी सगळ्यांसमोर ऐकायचं. माझी जीभ उचलली नाही. बाबांचं मात्र मला आजही नवल वाटतं. पोरगा जाऊ नये म्हणून त्यांचा जीव तुटत होता. खोटं सांगायला कोणी अडवलं नव्हतं, करडी बिघडली म्हणाले असते तर कोण तपासणार होतं? पण दिसलं ते सांगितलं. साऱ्या दुनियेवर संशय घेणारा माणूस स्वतः लबाडी करू शकला नाही, आणि त्याच्या घरात मी करून बसले.

चार-पाच दिवसांनी गुरुजींचा पेपर आला. बरोबर आखजीच्याच दिवशी हिटलर हॉलंड-बेल्जियमात घुसला होता. पुढच्या महिन्यात फ्रान्स पडलं. पारावर पोरं बाबांना चिडवायला लागली, "महादेवबाबा, तुमची करडी कुकडं चालून गेली?"  तेव्हापासून बाबांच्या डोक्यात किडा शिरला.

उत्तम शेगाव स्टेशनावरून गेला. महाराजांचं दर्शन घेतलं, गाडीत बसला. बाबांनी गार्डला गाठून विचारलं ही गाडी खरंच जबलपूरलाच जाते का. उत्तम खिडकीतून हसत होता. मला म्हणाला, "तू काऊन रडतं? घटानं सांगतलं ना येतो म्हनून." मी त्याच्या हातात लाडूंचा डबा दिला. तो त्यानं डाव्या हातानं घेतला.

पत्रं यायची. आधी जबलपूरची, मग बोटीची, मग कुठल्या तरी मुलखाची, जिथं रोज पाऊस आणि रबराची झाडं. निम्म्या ओळींवर काळी शाई फासलेली. बाबा ते पत्र उन्हाला धरायचे, मागून बघायचे, ओल्या बोटानं शाई पुसायचे. "पोट्ट्यानं लिहिलं अन् यायनं मिटवलं. काऊन मिटवलं? काही त हाय." गुरुजी समजावत, शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून मिटवतात. बाबा विचारत, "मी शत्रू हावो का?" बेचाळीसच्या होळीआधी सिंगापूर पडल्याची बातमी आली आणि पत्रं थांबली. पावसाळ्यात सरकारी कागद आला. उत्तम बेपत्ता.

त्यानंतरचे बाबा म्हणजे फौजदार. त्यांचा विचार असा होता. राख मोडली नसेल, तर घट खरा. घट खरा, तर उत्तम जिवंत, तो येणार. पण कोणी घटाला हात लावला असेल, तर भाकीत गेलं आणि पोरगाही गेला. म्हणून त्या संध्याकाळचा एकेक माणूस त्यांनी तपासला. पाटलांना भर चावडीत शपथ घ्यायला लावली. पाटलांनी घेतली आणि त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं तुटलं. जमादाराच्या गावाला जाऊन आले. गुरुजींनाही सोडलं नाही, "तुमाले लढाई नको होती, तुमी त काही केलं नाही ना?" गुरुजी बिचारे जानव्याला हात लावून म्हणाले, नाही. मुंग्यांची वारुळं उकरून पाहिली. घट मांडणं सोडून दिलं. आणि प्रत्येक तपासाच्या शेवटी समाधानानं म्हणायचे, "नाही. राख मोडली नव्हती."

मला एकदाही विचारलं नाही. मी समोर भाकरी थापत असायचे. राखेचा तो निर्वाळा हाच त्यांचा जगण्याचा आधार होता, आणि तो माझ्या चाळणीचा होता. बोलले तर त्यांचा पोरगा माझ्या तोंडून मरणार. न बोलावं तर गावातला एकेक निरपराध माणूस त्यांच्या नजरेत चोर. पाटलांचा मला राग होता, पण त्या शपथेच्या दिवशी त्यांची कीव आली.

सेहेचाळीस साली जानेफळचा एक माणूस आला, पुंजाजी. उत्तमच्याच कंपनीत होता, जपान्यांच्या कैदेतून सुटून आला होता, अंगावर नुसती हाडं. बाबांनी त्याला पाणी द्यायच्या आधी विचारलं, "माहा उत्तम कोन्या हातानं जेवे?" पुंजाजी म्हणाला, "डाव्या. आमी त्याले डावऱ्या म्हनो." मग बाबांनी त्याला पाटावर बसवलं. पुंजाजीनं सांगितलं ते असं. कैदेत रेल्वेच्या कामाला नेलं होतं. उत्तमला ताप भरला, दुसऱ्या छावणीत हलवला, त्या छावणीतलं कोणी परत आलं नाही.

"तू त्याले मरतानी पाह्यलं का?"

"नाही, बाबा."

"मंग?" बाबा म्हणाले. "पाह्यलं नाही ना?" पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

सत्तेचाळीसची आखजी आली. इंग्रज जाणार हे तोवर लहान पोराला कळलं होतं. बाबा फार थकले होते, पायावर सूज; उत्तम मेला असं मान्य करून पेन्शन घ्यायचा सरकारी कागद घरात पडून होता, त्यावर ते सही करत नव्हते. आमचे हे आणि भाऊबंद मला म्हणाले, आता उत्तमचीही घागर मांडायला हवी, पोराचा जीव तहानलेला राहू नये, तूच बोल. मी पिंपळगावच्या बाजारातून चौथी घागर आणली. बाबांनी ती ओसरीत पाहिली.

"ही कोनाची?"

मी दार लावून घेतलं. त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. सगळं. चाळणी ठेवून आले ते, आठ-दहा दाणे, वीतभर बाहेर, राख पुन्हा चाळली ते. मी म्हणाले, "बाबा, दिल्लीच्या एका मानसानं देशाले न इचारता लढाईत घातलं म्हनून गुरुजी चिडत. मीबी उत्तमले न इचारताच त्याच्यासाठी ठरवलं. अन् माह्याच हातानं तो गेला." रडू आलं, ते आवरलं नाही. सात वर्षांचं होतं.

 बाबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. पाटलांकडे बघायचे ती, जमादाराकडे बघायचे ती. माझ्याकडे त्यांनी तोवर कधी तसं बघितलं नव्हतं.

"तुले हे बोलाले कोनं शिकवलं?" ते म्हणाले. "जावईबुवानं? घागर मांडली म्हंजे त्या सरकारी कागदावर माही सही होईन, असं हाय ना? म्हनून माह्या पोरीच्या तोंडातून हे वदवून राह्यले."

"नाही हो बाबा. खरं सांगतो."

"माही अंबू घटाले हात लावन?" ते हसले. "राख मोडली नव्हती. मी तीन फेऱ्या रांगलो होतो."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर पहिल्यांदाच संशय घेतला, आणि तो खरं बोलत होते तेव्हाच. मी शपथ घेते म्हणाले, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मग भिंतीला धरत उठले, ती नवी घागर उचलली, कोपऱ्यात पालथी घातली. म्हणाले, "राहू दे. उत्तम आला म्हंजे त्याले प्याले पानी लागन." त्या दिवशी घागरी तीनच मांडल्या.

पोळ्याच्या सुमारास बाबा गेले. तोवर पंधरा ऑगस्ट होऊन गेला होता. गुरुजींनी शाळेवर झेंडा लावला, पेढे आणून दिले. बाबांनी पेढा आधी हुंगून पाहिला, मग खाल्ला.

पुढच्या आखजीला पालथी घागर मी सुलटी केली, धुतली, पाणी भरलं आणि बाबांच्या नावानं मांडली. घागरी चार झाल्या. उत्तमची मी अजून मांडलेली नाही. दर वर्षी बाजारात घागर हातात घेते, वाजवून बघते आणि परत ठेवते. मांडली तर बाबा विचारतील, तुले कोनं शिकवलं.